पहिला डीएसएलआर घेताना : आधी अंतर मोजा, मग लेन्स ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे जुळे सोलापुरात राहतात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा चादरी आणि टॉवेलचा घरचा छोटा कारखाना आहे. ऑनलाइन विक्रीसाठी मालाचे फोटो त्यांना स्वतःच काढायचे आहेत. त्याच कॅमेऱ्याने जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचे, वर्षभर घरातल्या बारशा-साखरपुड्यांचे आणि जमल्यास जवळच्या नान्नज अभयारण्यातल्या काळविटांचे फोटो काढण्याची त्यांची इच्छा आहे. बजेट सगळे मिळून ४०,००० रुपये आहे. दुकानदार दोन लेन्सचा नवा कॅनन १५००डी सुचवतो आहे, एक मित्र आपला वापरलेला निकॉन डी५६०० देऊ करतो आहे, आणि ‘यातला कोणता घेऊ?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

मी गेली चोवीस वर्षे सोलापुरात लग्नकार्यांचे आणि कारखान्यांच्या मालाचे फोटो काढतो, त्यामुळे या प्रश्नातली चादर मला चांगलीच ओळखीची आहे. माझे उत्तर या दोन्ही कॅमेऱ्यांच्या बाजूचे नाही, आणि का नाही हे समजण्यासाठी सुरुवात कॅमेऱ्याऐवजी तुमच्या खोलीपासून करावी लागेल.

तुम्ही पाठवलेल्या माहितीत फोटोची खोली दहा बाय बारा फुटांची आहे आणि मोठी चादर ६० बाय ९० इंचांची आहे. योगायोग असा की या चादरीची बाजूंची प्रमाणे दोनास तीन आहेत आणि डीएसएलआरच्या चौकटीचीही तीच आहेत, म्हणजे आडवी टांगलेली चादर चौकटीत नेमकी बसते. आता ती किती दूरून बसते ते पाहू. चादरीची लांबी गुणिले लेन्सची फोकल लेन्थ (लेन्सवर एमएममध्ये लिहिलेला आकडा), भागिले सेन्सरची, म्हणजे आतल्या प्रतिमा टिपणाऱ्या चिपची, लांबी, एवढाच हिशेब आहे. कॅननच्या या वर्गातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण २२.३ मिलिमीटर लांब असतो. ५० एमएमची लेन्स लावली तर ९० गुणिले ५० भागिले २२.३, म्हणजे सुमारे २०२ इंच, जवळजवळ १७ फूट मागे जावे लागेल. तुमच्या खोलीत तेवढी जागाच नाही. ३० एमएमला हेच अंतर सुमारे १० फूट होते, आणि भिंत, ट्रायपॉड व तुमची पाठ धरून बारा फुटांत ते कसेबसे बसते. १८ एमएमला सहा फूट पुरतात, पण त्या टोकाला कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स सरळ रेषा बाहेरच्या बाजूला फुगवते. एखाद्या डोंगराच्या फोटोत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. चादरीची सरळ किनार मात्र पोट सुटल्यासारखी दिसते आणि गिऱ्हाइकाला वाटते की मालच वाकडा विणला आहे. सॉफ्टवेअरने ती सरळ करता येते हे खरे, पण दोनशे डिझाइनचे फोटो एकेक करून सरळ करत बसायचे की ट्रायपॉड चार फूट मागे सरकवायचा, याचा विचार तुम्हीच करा.

या हिशेबातून एक गोष्ट आपोआप सुटते. मालाच्या फोटोंसाठी तुम्हाला कोणतीही खास महाग लेन्स लागत नाही. १८-५५ ची साधी किट लेन्स २८ ते ३० च्या दरम्यान ठेवून, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे भोक, एफ ८ करून (आकडा मोठा तेवढे भोक लहान), कॅमेरा ट्रायपॉडवर लावून आणि दोन सेकंदांचा टायमर वापरून काढलेला फोटो चादरीचा धागा न धागा दाखवतो. हलणारी वस्तू समोर नाही, त्यामुळे शटर अर्धा सेकंद उघडे राहिले तरी बिघडत नाही आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, १०० वर ठेवता येतो. किट लेन्सला नावे ठेवण्याची आपल्याकडे एक पद्धतच पडली आहे; नावे ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती एफ ८ वर ट्रायपॉडवरून कधी वापरलेलीच नसते.

कापडाच्या बाबतीत मात्र बॉडीचा, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा, एक मुद्दा खरोखर महत्त्वाचा आहे आणि दुकानात तो कोणी सांगत नाही. बारीक, एकसारखी वीण आणि सेन्सरवरच्या बिंदूंची जाळी एकमेकांवर पडली की फोटोत इंद्रधनुषी लाटांसारखे पट्टे उमटतात, त्याला मॉइरे म्हणतात. टीव्हीवर बातम्या देणाऱ्याच्या बारीक रेघांच्या शर्टावर तुम्ही ते थरथरताना पाहिले असतील. हे कमी व्हावे म्हणून सेन्सरपुढे प्रतिमा किंचित मऊ करणारा एक फिल्टर बसवलेला असतो. निकॉनने डी५३००, डी३३०० आणि त्यांच्या पुढच्या भावंडांमध्ये, म्हणजे डी५६०० मध्येही, तपशील अधिक धारदार यावा म्हणून हा फिल्टर काढून टाकला. कॅननने आपल्या या वर्गातल्या कॅमेऱ्यांत तो ठेवला. पक्ष्याच्या पिसांना निकॉनचा निर्णय मानवतो, टॉवेलच्या विणीला कॅननचा. फिल्टर असूनही मॉइरे कधीकधी येतोच. तेव्हा कॅमेरा अर्धा फूट पुढे-मागे करावा किंवा ॲपर्चर एफ १६ पर्यंत लहान करावे, म्हणजे तो बहुतेक वेळा जातो. मित्राचा डी५६०० हा एरवी उत्तम कॅमेरा आहे, त्यात ३९ फोकस बिंदू आहेत, पाठीवर फिरता पडदा (स्क्रीन) आहे आणि एका चार्जमध्ये ९७० फोटो निघतात. तुमच्या कामात कापड नसते तर मी डोळे झाकून ‘घ्या’ म्हटले असते.

दुकानदाराच्या १५००डी मध्ये फिल्टर आहे आणि २४ मेगापिक्सेलही आहेत. मेगापिक्सेलचा विषय इथेच संपवतो : २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० बिंदूंचा असतो, आणि करिझ्मा अल्बमचे १२ बाय १८ इंची पान त्यातून दर इंचाला ३०० पेक्षा जास्त बिंदूंनी छापता येते. ऑनलाइन दुकानाला त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही भागते. १५००डी बद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्याचा पडदा पाठीला चिकटलेला आहे, बाहेरचा माइक जोडायला जागा नाही, आणि पडद्यावर पाहून फोकस करताना तो फार रेंगाळतो. टेबलावर पसरलेल्या टॉवेलचा वरून फोटो काढायचा असेल तर दर वेळी स्टुलावर चढून व्ह्यूफाइंडरला डोळा लावावा लागेल. गड्ड्याच्या गर्दीत हात उंच करून फोटो काढताना चौकटीत काय येते आहे हेही दिसणार नाही.

म्हणून माझे उत्तर आहे वापरलेला कॅनन २००डी. हा २०१७ चा कॅमेरा आहे. त्यात २४ मेगापिक्सेल आहेत, पडदा बाहेर येऊन सगळीकडे फिरतो, माइकची सोय आहे, आणि ड्युअल पिक्सेल या कॅननच्या तंत्रामुळे पडद्यावर बोट ठेवले की तिथे चटकन फोकस बसतो. २०१९ मध्ये आलेला २००डी मार्क २ अनेक बाबतींत याहून पुढचा आहे आणि एका चार्जमध्ये १,०७० फोटो देतो, तर जुना ६५० देतो. तरीही तुमच्यासाठी मी जुनाच निवडेन, त्याचे कारण कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसतो तिथल्या खाचेत आहे. मार्क २ मध्ये त्या खाचेतली मधली पिनच नाही. ही एक पिन नसल्यामुळे बाजारात मिळणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश आणि दूरचा फ्लॅश उडवणारे साधे ट्रिगर त्यावर चालत नाहीत. मालाचे फोटो काढणाऱ्याला आज ना उद्या एक फ्लॅश बाजूला ठेवून उडवायचा असतो, आणि ते काम स्वस्तात व्हावे असे वाटत असेल तर ही पिन लागतेच. दुसरी बॅटरी घेतली की चार्जचा प्रश्न मिटतो, आणि फ्लॅशमध्ये वाचलेल्या पैशांपुढे तिची किंमत काहीच नाही.

डीएसएलआर आता संपत चालला आहे, मग मिररलेस, म्हणजे आतला आरसा नसलेला नवा प्रकार, का नको, असे तुमचा भाचा म्हणतो. त्याचे म्हणणे चूक नाही. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर या वर्गात नवा डीएसएलआर आणलेला नाही. पण त्याच कारणाने लोक मिररलेसकडे जाताना चांगल्या बॉडी आणि लेन्स विकायला काढत आहेत, आणि ४०,००० रुपयांत दोन लेन्स, ट्रायपॉड व दिवे बसवायचे असतील तर हा बाजार तुमच्या बाजूचा आहे. कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासूनचा आहे. त्या लेन्स पुढे कॅननच्या मिररलेसवर अडॅप्टर लावून ऑटोफोकससह चालतात, म्हणजे लेन्समध्ये घातलेले पैसे वाया जात नाहीत.

निकॉनच्या बाबतीत मात्र कोणती लेन्स कोणत्या बॉडीवर फोकस करते हे तपासून घ्यावे लागते, आणि हा धडा मी स्वतः फी भरून शिकलो आहे. २००८ मध्ये मी निकॉनची छोटी डी६० घेतली आणि फिल्मच्या दिवसांतली माझी लाडकी ५० एमएम एफ १.८ डी त्यावर चढवली. लेन्स टक्कन बसली, मी खूश झालो. डी नावाच्या त्या लेन्सना स्वतःची मोटर नसते, बॉडीतली मोटर त्यांना फिरवते, आणि डी६० च्या बॉडीत मोटरच नाही, हे मला कार्यालयात उभे राहिल्यावर कळले. मंगलाष्टके संपत आली, मी हाताने रिंग फिरवत होतो, अंतरपाट खाली आला आणि अक्षता उडाल्या. घरी येऊन पाहतो तर भटजींच्या मनगटावरचा धागा सुईसारखा स्पष्ट आणि नवरा-नवरी दोघेही धुक्यात! त्या कुटुंबाने मोठ्या मनाने घेतले, पण पुढच्या दोन लग्नांना मला बोलावले नाही. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या कोणत्याही बॉडीत ही मोटर नाही. तिथे एएफ-एस किंवा एएफ-पी असे लिहिलेलीच लेन्स घ्यावी लागते, आणि एएफ-पी पुन्हा फार जुन्या बॉडींवर चालत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या लेन्सकडे येऊ. दुकानदार दोन लेन्सच्या संचात लांब झूम देतो, कारण डबा भरलेला दिसतो. तुम्हाला तिच्याऐवजी कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम हवी आहे. तिचे वजन १६० ग्रॅम आहे, म्हणजे सदऱ्याच्या खिशात मावेल एवढी ती आहे, पण किट लेन्स ५५ ला एफ ५.६ वर जेवढा प्रकाश आत घेते त्याच्या जवळजवळ दहापट ही घेते. हा फरक आकड्यात न राहता फोटोत कसा दिसतो ते सांगतो. संध्याकाळी मिरवणूक परतत असताना किट लेन्सवर शटर एक विसांश सेकंदावर येऊन अडते; चालत्या माणसाचा चेहरा त्यात पुसला जातो. त्याच जागी, त्याच आयएसओला ही लेन्स एक दोनशेअंश सेकंद देते, आणि नंदीध्वज पेलणाऱ्याच्या मानेवरची शीर आणि कपाळावरचा घाम जागच्या जागी मिळतो. २००डी वर ही ५० एमएम जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरच्या ८० एमएमसारखी वागते, म्हणून एका-दोघांच्या चेहऱ्याला ती उत्तम, पण बारशाला सगळ्या आत्या-मावश्यांचा गट तिच्यात मावणार नाही. गटाला किट लेन्स आणि छताकडे तोंड केलेला फ्लॅश वापरा.

यात्रेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तिथे लेन्सपेक्षा एका छोट्या बटणाने फोटो बिघडतात. हजारो माणसे पांढऱ्या बाराबंदीत असतात. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सगळे दृश्य मध्यम राखाडी धरून चालतो, त्यामुळे पांढऱ्या गर्दीचा फोटो मळका, धुणे नीट न निघाल्यासारखा येतो आणि चेहरे काळवंडतात. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय) अधिक दोन तृतीयांश किंवा अधिक एक करावे आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला आपटत नाही ना एवढे पाहावे. तुमच्या पांढऱ्या टॉवेलचे फोटो करडे येतात अशी जी तक्रार तुम्ही लिहिली आहे, तिचे कारण आणि उपाय हेच आहेत. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला उलटे करावे : ट्रायपॉड, मॅन्युअल, आयएसओ १००, एफ ११, शटर तीन-चार सेकंद, आणि फोकस आधीच दूरच्या दिव्यावर बसवून ऑटोफोकस बंद.

रंगाची तक्रारही तुम्ही केली आहे, की लाल चादर फोटोत केशरी दिसते आणि माल परत येतो. हे कॅमेरा बदलून जात नाही. खोलीत ट्यूबलाइट, खिडकी आणि पिवळा बल्ब असे तीन प्रकारचे उजेड एकत्र असतील तर कोणताही कॅमेरा गोंधळतो. एकाच प्रकारचा उजेड ठेवा, त्या उजेडात ग्रे कार्ड (राखाडी रंगाचे कार्ड) धरून त्याचा फोटो काढा आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स, म्हणजे त्या उजेडाला साजेसा रंगांचा समतोल, बसवा. गडद लाल आणि मरून रंगांत सेन्सरचा लाल भाग इतर रंगांच्या आधी भरून जातो आणि वीण सपाट होते, म्हणून त्या चादरींना एक्सपोजर थोडे कमी करावे, पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवावी आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, काढावा. दिवा चादरीच्या समोर न ठेवता एका बाजूने, तिरका ठेवावा. टॉवेलचे लूप उभे दिसतात ते त्यांच्या बारीक सावल्यांमुळे. मी कारखान्यांत हे दाखवतो तेव्हा मालक आधी फोटोला आणि मग टॉवेलला हात लावून पाहतात.

नान्नजसाठी या बजेटमध्ये काही घेऊ नका. पुढे कधी घ्याल तेव्हा कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम घ्या आणि ७५-३०० कितीही स्वस्त मिळाली तरी नको म्हणा. नेहमी मिळणाऱ्या ७५-३०० मध्ये हाताचा कंप शोषणारी सोय नाही आणि ३०० ला ती मऊ पडते. निकॉनकडेही ७०-३०० एएफ-पी डीएक्स या एकाच नावाच्या दोन लेन्स आहेत, एकीवर व्हीआर (हीच कंप शोषणारी सोय) लिहिलेले असते आणि दुसरीवर नसते. काळवीट लांब असते आणि सकाळी दहानंतर माळरानावरची तापलेली हवा अशी थरथरू लागते की लाखाची लेन्सही चित्र पाण्याखाली असल्यासारखे देते. तिथे खरी लेन्स म्हणजे पहाटेचा गजर.

पैशांची वाटणी अशी करा, की बॉडी आणि किट लेन्स मिळून निम्म्याच्या थोडे वर जावे, ५० एमएम नवी घ्यावी, आणि उरलेल्यात डोके न हलणारा ट्रायपॉड, दुसरी बॅटरी, दोन बरी मेमरी कार्डे व एक मॅन्युअल फ्लॅश बसवावा. दुकानदार ‘फ्री’ म्हणून समोर स्क्रूने लावायची वाइड आणि टेलीची भिंगे देतात, ती मुलांना खेळायला द्या. स्वस्त यूव्ही फिल्टरनेही रात्री दिव्यांची भुते उमटतात. त्यापेक्षा लेन्स हुड लावावा.

सोलापूरची हवा कोरडी असल्याने लेन्सला बुरशी लागण्याचे प्रमाण कोकणाच्या मानाने कमी आहे, तरी पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. आपला खरा शत्रू धूळ, आणि तुमच्या बाबतीत कापसाचे तंतू. यंत्रमाग चालू असलेल्या शेडमध्ये लेन्स अजिबात बदलू नका. तंतू सेन्सरवर बसला तर रबरी ब्लोअरने उडवा. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचा थेंब बसतो आणि मग तो काढायला पैसे जातात.

वापरलेली बॉडी पाहायला जाल तेव्हा मूळ बिल मागा आणि त्यावरचा क्रमांक बॉडीच्या तळाशी जुळवा. लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा झोत आरपार सोडा. कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी आहे, तिथेच उठा. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहा, म्हणजे सेन्सरवरचे डाग दिसतील. शटर किती वेळा उडाले आहे हा आकडा निकॉनच्या फोटोफाइलमध्येच मिळतो, कॅननमध्ये तो फाइलमध्ये नसतो आणि वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. तो काढून दाखवायला विकणारा तयार नसेल तर किंमत त्या हिशेबाने धरा.

शेवटची तपासणी ५० एमएमची, आणि ती बिल करण्याआधीच करायची, कारण या वर्गातल्या बॉडींमध्ये फोकसची बारीक दुरुस्ती करण्याची सोय नसते. दुकानाच्या काउंटरवर वर्तमानपत्र पसरा, कॅमेरा साधारण चार फुटांवर ४५ अंशांत तिरका धरून टेकवा, ॲपर्चर एफ १.८ ठेवा आणि मधल्या एका ओळीखाली पेनाने रेघ मारून तिच्यावर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून तीन फोटो काढा. मग तसेच तीन पडद्यावरून काढा. पडद्यावरचा फोकस थेट सेन्सरवरून होतो, म्हणून तो आपला निकष. पहिल्या तिन्ही फोटोंत रेघेची ओळ सोडून सारखी पुढची किंवा सारखी मागचीच ओळ स्पष्ट येत असेल, तर तो नग परत देऊन दुसरा मागा.